दहाव्या डॉल्बीचा हक्क

अनंत चतुर्दशीच्या संध्याकाळी कोल्हापुरात पापाच्या तिकटीजवळच्या मावशीच्या घरात मांडणीवरची पितळी भांडी थरथरायला लागतात. घर पहिल्या मजल्यावर, खाली गंगावेशीकडं सरकणारी मिरवणूक. कानात कापसाचे बोळे घालून मावशी तावदानाला आतून तळहात लावून उभी राहते, काच फुटू नये म्हणून. एकदा न राहवून मी खाली उतरलो आणि एका मंडळाच्या पोराला म्हटलं, "आवाज जरा कमी कर की."

तो आदबीनं म्हणाला, "काका, आमचा बंद केला तरी काय फरक पडणार हाय? मागं-पुढं सगळ्यांचंच चालू हाय. आणि वर्षातनं एकदा नाचायचा आमचा बी हक्क हाय."

पोरगा खोटं बोलत नव्हता. डेसिबलची बेरीज साधी नसते. डॉल्बीच्या स्पीकरांच्या 100 डेसिबलच्या एका भिंतीशेजारी तसलीच दुसरी उभी केली तर 200 होत नाहीत, 103 होतात. दहा उभ्या केल्या तर 110. नऊ चालू असताना दहावी सुरू झाली, तर वाढ जेमतेम अर्ध्या डेसिबलची. एवढा फरक कानाला सहसा कळतही नाही. आणि हे दहापैकी कुणालाही तितक्याच खरेपणानं म्हणता येतं!

मावशीच्या कानाचा हिशेब मात्र वेगळा. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत निवासी भागाची दिवसाची मर्यादा 55 डेसिबल आहे. 100 म्हणजे त्याच्या तीस हजार पटींहून जास्त तीव्रता. 100 डेसिबल कानानं सोसावेत ते साधारण पंधरा मिनिटं. पुढं दर 3 डेसिबलला ही वेळ निम्मी होते. 110 ला उरते दीडेक मिनिट. आतल्या कानातल्या केसपेशी एकदा मेल्या की माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत.

दुसऱ्याला इजा होत असेल तरच व्यक्तीच्या स्वातंत्र्याला आवर घालावा, असं इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलनं 1859 मध्ये मांडलं. आपल्या सर्वोच्च न्यायालयानंही 2005 मध्ये सांगितलं की नको असलेला आवाज ऐकायची सक्ती कुणावर करता येत नाही. म्हणजे हक्क मावशीच्या बाजूनं आहे. पण तो बजावायचा कुणावर? एकेकट्याला पकडलं तर प्रत्येकाचा गुन्हा अर्ध्या डेसिबलचा. पंचगंगेत जाणाऱ्या सांडपाण्याचंही हेच. व्यक्तीच्या हक्कांचं तत्त्वज्ञान इथं अडखळतं, कारण त्याला समोर एक इजा करणारा आणि एक इजा झालेला लागतो.

अर्न्स्ट फेर आणि सायमन गेख्टर या अर्थशास्त्रज्ञांनी 2002 मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. चार-चारांचे गट, प्रत्येकाला 20 नाणी. सामाईक भांड्यात एक नाणं टाकलं की चौघांनाही 0.4 मिळायचे. गटाचा फायदा, टाकणाऱ्याचा तोटा. नाणी स्वतःजवळ ठेवली तर कुणाचाच हक्क मोडत नव्हता, आणि फेरीगणिक भांडं रिकामं होत गेलं. मग स्वतःचे पैसे खर्चून दुसऱ्याला दंड करायची मुभा दिली. वर्गणी वाढली. गट दर फेरीला बदलत होते, दंड केलेला माणूस पुन्हा भेटणार नव्हता, तरी लोकांनी पदरमोड केली.

म्हणून हक्क टाकून द्यावेत असं मी मुळीच म्हणणार नाही. ते नसते तर "आजी, एक दिवस सोसा" यावर विषय संपला असता. पण हक्काला उभं राहायला पाय लागतात. शाहू महाराजांनी 1917 मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. पोराचा शिकायचा हक्क बापाच्या मर्जीवर सोडला नाही, आणि शाळा, मास्तर यांचा भार सगळ्या संस्थानानं उचलला.

पेठेतल्या मंडळांच्या बैठकीत मी आवाज मोजायचा मीटर घेऊन जाणार आहे. मर्यादा मोजायची ती मावशीच्या खिडकीत, भिंतीपाशी नाही. दहाही एकदम वाजवणार असतील तर प्रत्येकाला मर्यादेच्या 10 डेसिबल खाली यावं लागेल. पाळीपाळीनं वाजवलं तर प्रत्येकाला मर्यादेपर्यंत जाता येईल.