रेल्वे प्रतिकृतीतील इमारतींची अंतर्गत प्रकाशयोजना

रेल्वेच्या छोट्या लेआउटवरील (फळीवर मांडलेल्या रूळ-गावाच्या प्रतिकृतीवरील) स्टेशन, घरे, कारखाने यांच्या आत दिवे बसवण्याचे तंत्र. एचओ प्रमाणात (१:८७) बारा फुटी खोली जेमतेम ४ सेंमी भरते. तेवढ्या जागेत एलईडी पूर्ण तेजाने पेटवली की घराचा आकाशकंदील होतो. म्हणून या कामातली खरी मेहनत उजेड कमी करण्यात आणि अडवण्यात जाते.

पांढऱ्या एलईडीला सुमारे ३ व्होल्ट लागतात. १२ व्होल्टच्या अॅडॉप्टरचे उरलेले ९ व्होल्ट रेझिस्टरवर (प्रवाह रोखणाऱ्या छोट्या भागावर) पडतात. १.८ किलोओहमला ५ मिलिअँपिअर प्रवाह वाहतो, १० किलोओहमला १ मिलिअँपिअरहून किंचित कमी. राहत्या खोलीला बहुधा तेवढाच पुरतो. ५ मिलिअँपिअरचे ४० दिवे धरले तरी २०० मिलिअँपिअर होतात, तेव्हा १ अँपिअरचा अॅडॉप्टर भरपूर झाला. प्रत्येक एलईडीला रेझिस्टर वेगळा हवा. एकाच रेझिस्टरवर चार-पाच समांतर जोडल्या, तर कमी व्होल्टला पेटणारी एलईडी जास्त प्रवाह ओढते आणि बाकीच्या मंद राहतात. डीसी लेआउटवर (जिथे गाडीचा वेग आणि दिशा रुळांतल्या व्होल्टने ठरते) रुळांतून वीज घेऊ नये: गाडी थांबली की गाव अंधारते, आणि गाडी मागे घेताना एलईडीवर उलटा दाब येतो.

प्लॅस्टिकच्या भिंतीतून उजेड आरपार येतो. त्यासाठी आतून आधी काळा रंग, वाळल्यावर पांढरा; काळा उजेड थांबवतो, पांढरा तो खोलीत पसरवतो. मग खोली अंधारी करून घर पेटवून पाहावे. कोपऱ्यात, जोत्याशी उजेडाची रेघ दिसेल तिथे काळ्या कार्डशीटची पट्टी फेव्हिकॉलने चिकटवावी. खिडकीच्या पारदर्शक शीटलाही फेव्हिकॉलच वापरावा. झटपट चिकटणाऱ्या गोंदाच्या वाफेने ती पांढुरकी पडते. खोल्यांमध्ये काळ्या कार्डशीटच्या आडभिंती घालून दोन-तीन खोल्या अंधारात ठेवल्या की घर राहते वाटते.

सोलापूर भागातली धाब्याची घरे या कामाला फार सोयीची. माळवद, म्हणजे त्यांचे मातीचे छत, सपाट असल्याने ते सुटे करता येते: भिंतींच्या आतून २ मिमीची पट्टी लावून त्यावर छत नुसते ठेवायचे, कठड्याआड सांधा झाकला जातो. एलईडी मात्र भिंतीला लावावी. छताला लावली तर ते उचलताना तार तुटते. माळवदाच्या साण्यातून (छतातल्या झरोक्यातून) रात्री उजेड वर येतो, तो दाखवण्यासारखा असतो. पण एलईडी साण्याच्या थेट खाली आली तर उजेडाऐवजी टोचणारा ठिपका दिसतो. ती कोपऱ्यात सरकवून पुढे बटर पेपरचा तुकडा लावावा.

करवतीच्या दात्यांसारख्या छपराच्या गिरणीत काचा उत्तरेकडे असतात, म्हणून एलईडी छपराच्या बंद उताराखाली दडवावी. यंत्रमागाच्या शेडला ट्यूबलाइटचा ६५०० केल्विनचा (केल्विन हे उजेडाच्या रंगछटेचे माप) पांढरा उजेड शोभतो, घरांना २७०० ते ३००० केल्विनचा पिवळसर. १८९७ साली सुरू झालेल्या बार्शी लाइट रेल्वेचा २ फूट ६ इंच गेज (दोन रुळांमधले अंतर) एचओ प्रमाणात ८.८ मिमी भरतो, त्यामुळे ९ मिमीचे तयार रूळ चालतात. तिचे विजेआधीच्या काळातले स्टेशन करायचे तर कंदिलासाठी पिवळी एलईडी आणि २२ किलोओहमचा रेझिस्टर घ्यावा. पिवळीला सुमारे २ व्होल्ट लागत असल्याने तिच्यातून जवळपास अर्धा मिलिअँपिअर जातो.

सोलापुरी उन्हाळ्यात पारा चाळिशीपार गेल्यावर पत्र्याखालच्या खोलीत ग्लू गनचा गोंद मऊ पडतो आणि एलईडी निसटते. तिथे दोन भागांचा इपॉक्सी टिकतो. जुन्या पद्धतीचे तारेचे बारीक बल्ब तर स्वतःच तापून प्लॅस्टिक वाकवतात. इमारत फळीला कायमची चिकटवू नये. तारा जोत्यातल्या ६ मिमीच्या भोकातून खाली घेऊन दोन पिनांच्या कनेक्टरने मुख्य तारांना जोडाव्यात, लाल धन आणि काळी ऋण हा नियम सगळीकडे पाळावा. एखादा दिवा गेला तर तेवढेच घर उचलून दुरुस्त करता येते.