‘सुजेचं इंजेक्शन’ म्हणजे नेमकं कोणतं?

गेल्या ज्येष्ठात आमच्या शेजारच्या गोठ्यातली संकरित गाय गाभडली. साडेआठ महिन्यांची गाभण होती. पुढच्या पायाचा गुडघा सुजला, लंगडायला लागली, म्हणून गावात फिरून औषधपाणी करणाऱ्या एकाने तिला इंजेक्शन दिलं. दुसऱ्या दिवशी गाय पाय टेकवून उभी राहिली, वैरण खायला लागली. तिसऱ्या पहाटे वासरू बाहेर आलं. अंगावर केस विरळ, मान धरवत नव्हती. दुपारी ते गेलं आणि गायीची वार अडकली ती वेगळीच.

“काय दिलं होतं?” मी विचारलं.

“सुजेचं इंजेक्शन दिलं होतं, भाऊ.”

उकिरड्यावर रिकामी बाटली सापडली. तिच्यावर मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत डेक्सामेथासोन लिहिलेलं होतं. म्हणजे स्टेरॉइड. धुळ्यापासून रावेरपर्यंत कुठल्याही गोठ्यात विचारा, मेलोक्सिकॅम या वेदनाशामकालाही सुजेचं इंजेक्शन म्हणतात आणि डेक्सामेथासोनलाही. सूज दोन्हींनी उतरते, तापही दोन्हींनी उतरतो. म्हणूनच घोटाळा होतो, आणि त्याची किंमत गाभण जनावर मोजतं.

फरक समजायला आमच्या पांझराकाठची फडाची शेती डोळ्यांपुढे आणा. बंधाऱ्यावरून पाट निघतो, पाटाला चाऱ्या फुटतात आणि चारीतून पाणी फडात जातं. शरीरात कुठे इजा झाली की पेशींच्या आवरणातून एक कच्चा माल सुटतो आणि त्यापासून सूज, वेदना, ताप आणणारी रसायनं तयार होतात. मेलोक्सिकॅमसारखं वेदनाशामक या पाटाची एक चारी बंद करतं, प्रोस्टाग्लँडिन नावाच्या रसायनांची. स्टेरॉइड थेट बंधाऱ्यावरचं दारच बंद करतं. खालच्या सगळ्या चाऱ्या एकदम कोरड्या पडतात, आणि रोगजंतूंशी लढणाऱ्या पेशीही त्याच पाण्यावर जगत असतात.

म्हणून स्टेरॉइडचा गुण डोळ्यात भरतो. मरगळलेली म्हैस काही तासांत कान टवकारते, रवंथ करायला लागते. मालकाला वाटतं, हेच खरं औषध. आत मात्र जंतूंना रान मोकळं मिळालेलं असतं. जखमा उशिरा भरतात, दुभत्या जनावराचं दूध काही दिवस घटतं. आणि गाभण गायीत तर वेगळंच घडतं. दिवस भरले की वासराच्या स्वतःच्या शरीरातून कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक वाढतं, तोच वितीचा इशारा असतो. डेक्सामेथासोन हुबेहूब तसाच इशारा देतं. शेवटच्या महिन्यांत ते टोचलं की गायीचं शरीर समजतं, वेळ झाली. एक ते तीन दिवसांत वीत सुरू होते, वार बहुधा अडकते. शेजारच्या गोठ्यात अगदी हेच झालं.

स्टेरॉइड वाईट औषध आहे असं मी म्हणणार नाही. व्यायल्यानंतर गायीला किटोसिस, म्हणजे रक्तातली साखर घटण्याचा आजार झाला, तोंडाला गोडसर वास यायला लागला, खाणं सुटलं, तर रक्तातली साखर वाढवायला डॉक्टर ते विचार करून देतात. अ‍ॅलर्जीने अंग सुजून श्वास कोंडला तर ते जीव वाचवतं. दिवस उलटून गेलेल्या गायीला मुद्दाम वीत आणायलाही वापरतात. पण हे सगळे निर्णय जनावर तपासून घ्यायचे असतात.

रोजच्या दुखण्यांत काम असतं ते वेदनाशामकाचं. वखराला जुंपून बैलाचा खांदा आला, तिव्याच्या तापाने गाय बसली, दगडी होऊन कास तापली, वीत अवघड गेली, शिंग मोडलं, अशा वेळी मेलोक्सिकॅम. दगडीत अँटिबायोटिकबरोबर ते दिलं की गाय लवकर खाण्यावर येते, पण ते स्वतः जंतू मारत नाही. 2022 च्या ऑगस्टमध्ये रावेर तालुक्यातल्या चिनावलला लंपी दिसली आणि तिथून ती राज्यभर पसरली. तेव्हा तापाने फणफणलेल्या जनावरांना हीच औषधं आधार होती. लंपी विषाणूचा आजार. अशा वेळी शरीराची लढाईच थंडावणारं स्टेरॉइड मनाने टोचणं म्हणजे शत्रूला वाट दाखवणं.

वेदनाशामकालाही दुसरी बाजू आहे आणि ती खानदेशाच्या उन्हाळ्यात जास्त टोचते. जी प्रोस्टाग्लँडिनं दुखणं आणतात, त्यांचेच भाऊबंद जठराचं अस्तर राखतात आणि पाणी कमी पडलं की मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा सांभाळतात. वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो, हगवणीने किंवा उन्हाने जनावराचे डोळे खोल गेलेले असतात. अशा सुकलेल्या जनावराला आधी पाणी-सलाईन, मग वेदनाशामक. इंजेक्शनं लागोपाठ चालू असताना शेण डांबरासारखं काळं पडलं, तर जठरात रक्त येत असल्याची शंका घ्या आणि लगेच डॉक्टरांना सांगा. दोन्ही औषधं एकत्र देणं तर आणखी वाईट, जठरात व्रण होण्याचा धोका वाढतो. “दोन्ही मारा, लवकर बरं होईल” हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे. कृपा करून असा आग्रह धरू नका.

वेदनाशामकांतही सगळी सारखी नाहीत. डायक्लोफिनॅक जनावरांसाठी 2006 पासून बंद आहे. ते टोचलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. देशातली गिधाडं जवळजवळ संपली ती याच पायी. पुढे माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्याही 2015 मध्ये बंद केल्या, कारण त्या गोठ्यात यायच्या. 2023 मध्ये केटोप्रोफेन आणि एसिक्लोफिनॅक जनावरांसाठी बंद झाले. एसिक्लोफिनॅकचं तर गायीच्या शरीरात डायक्लोफिनॅकच होतं. मेलोक्सिकॅम मात्र गिधाडांना सुरक्षित ठरलं आहे. मेलेलं जनावर गावाबाहेर टाकायची पद्धत आपल्याकडे अजून आहे, तेव्हा हा विषय आपल्याही बांधाचाच आहे.

बाटली ओळखायची कशी? मेलोक्सिकॅमचं पाणी बहुतेक पिवळसर असतं, डेक्सामेथासोनचं साध्या पाण्यासारखं बिनरंगी. पण रंगावर विसंबू नका, बी-कॉम्प्लेक्सही पिवळंच असतं. नाव वाचून घ्या, इंग्रजी जमत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोरीला हाक मारा. रिकाम्या बाटलीचा फोटो काढून ठेवा आणि दूध किती दिवस डेअरीला घालायचं नाही तेही विचारा, कारण औषध दुधात उतरतं. डॉक्टर दूर असतील तर 1962 वर फोन करा, फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा तो नंबर आहे.

त्या प्रसंगानंतर आमच्या गोठ्याच्या भिंतीवर, प्रत्येक गायीच्या दावणीच्या वरच्या बाजूला, गेरूने रेतनाची तारीख लिहिलेली आहे. कोणीही सिरिंज घेऊन आत आलं की मी आधी त्या तारखेकडे बोट दाखवतो, मग बाटली मागतो.