डेलिया पिकून पिवळा पडला की सडून?

फेब्रुवारी सरताना अंगणातला डेलिया, म्हणजे कंदापासून येणारं हिवाळी फुलझाड, पिवळा पडू लागतो. ऊन वाढलं म्हणून घरातलं कोणीतरी बादलीभर पाणी ओततं, आणि चांगले कंद त्या पाण्याने जातात. तहानेची खूण वेगळी असते: दुपारी मान टाकलेलं झाड ऊन उतरल्यावर सावरतं.

पिकलेलं, म्हणजे हंगाम संपलेलं, झाड खालच्या पानापासून हळूहळू पिवळं होत वर जातं. खोड जमिनीलगत टणकच राहतं, कळ्या बारीक होत थांबतात. सडणारं झाड मात्र सकाळच्या गारव्यातही मलूल दिसतं, बरेचदा एखादीच फांदी आधी कोमेजते. बुंध्याजवळची माती बोटाने बाजूला करा. खोड दाबल्यावर मऊ लागलं, आंबूस वास आला, तर सड लागली. पांढरे तंतू आणि मोहरीसारखे तपकिरी दाणे दिसले, तर भुईमूग-हरभऱ्याच्या वावरात खोड कुजवणारी बुरशी इथेही पोचली आहे.

विदर्भातली भारी काळी माती इथे फार फसवते. वर भेगा पडलेल्या असतात, पण चार बोटं खाली खुरपी घातली की माती पात्याला चिकटून येते. कंद त्याच ओलीत असतात. म्हणून वरची माती पाहून पाणी देऊच नका.

झाड पिकत असेल तर पाणी तोडा आणि दहा-पंधरा दिवस थांबा. तेवढ्यात कंदाची साल घट्ट होते. मग वीतभर खोड ठेवून वरचं कापा आणि गड्डा, म्हणजे कंदांचा घोस, लांबून खणून काढा. डेलियाचं खोड पोकळ असतं, कापल्यावर त्यात पाणी साचून कंदाच्या मानेपासून (खोडाला जोडलेल्या निमुळत्या भागापासून) सड सुरू होते. गड्डा उलटा ठेवून ते निथळू द्या. दोन दिवस सावलीत वाळवून कोरड्या रेतीत, घरातल्या गार अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा. टिनाच्या शेडमध्ये नको, मे महिन्यात तिथे कंद सुरकुतून जातात. लावण पावसाळा ओसरल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरात.

सड असेल तर थांबणं घातक. त्याच दिवशी गड्डा काढा, आतला पांढरा गर लागेपर्यंत कापा, कापाला राख लावा आणि तो कंद बाकीच्यांपासून दूर ठेवा. मोहरीसारखे दाणे दिसलेला गड्डा मात्र जाळाच, उकिरड्यावर टाकू नका. वाचवलेल्या कंदाची मान तपासा. कोंब फुटायचे डोळे मानेच्या वरच्या टोकाला, खोडाच्या बुडाशीच असतात. मान गेली तर पोट कितीही टणक असलं तरी त्याला कोंब येत नाही.