झाडावर चढायचे स्पाइक्स: पकड काट्यात कमी, गुडघ्यात जास्त

नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ तापलेले दिवस, संपता संपता नागपुरात एखाद्या संध्याकाळी वादळ येतं अन् सिव्हिल लाईन्सपासून मानेवाड्यापर्यंत कुठंतरी गुलमोहर आडवा होतोच. मग तोडणाऱ्यांची धावपळ, अन् हल्ली त्याच्या मागोमाग रील्स. पायाला लोखंडी काटे बांधलेला माणूस खोडावर सरसर चढतोय अन् खाली कमेंट ठरलेली, "भाऊ हे कुठं भेटते?" भेटते ऑनलाइन, पण त्याच कमेंट्समध्ये एक समजूत पक्की बसलेली दिसते की काटा जेवढा लांब अन् टोकदार तेवढी पकड भारी. तसं नाही बाप्पा.

वस्तू साधी आहे. पायाच्या आतल्या बाजूने गुडघ्याच्या खालीपर्यंत जाणारी धातूची दांडी, बुटाच्या तळव्याखालून टाचेच्या पुढं जाणारी रिकीब, अन् आतल्या अंगाला खाली तोंड करून बसवलेला पोलादी काटा. सोबत हार्नेसला, म्हणजे कमरेच्या पट्ट्याला, अडकवून खोडाभोवती फिरवलेला दोर. हा दोर नसेल तर स्पाइक्स बांधूच नका, आणि करवत चालवताना दोर एक नाही, दोन.

आता काटा आत का जातो ते बघू. टोकाचं क्षेत्रफळ समजा 4 चौरस मिलिमीटर आहे. 70 किलोचा माणूस एका पायावर आला की दर चौरस मिलिमीटरला साडेसतरा किलो, एवढ्यात ओलं लाकूड दबणारच. काटा वर जाड असतो, म्हणून जसजसा आत जातो तसतसा दाब कमी होतो अन् एका जागी तो आपोआप थांबतो. म्हणजे लाथ मारायची गरज नाही, पाय ठेवायचा अन् त्याच्यावर उभं राहायचं.

पण खरी मजा कोनात आहे. वजन सरळ खाली ओढतं, खोड सरळ उभं, मग काट्याला आत ढकलतं कोण? तर तुमचं मागे रेलणं. धरा की शरीराचा गुरुत्वमध्य पायाच्या टेकूपासून 30 सेंटीमीटर मागे आहे अन् दोर टेकूच्या 90 सेंटीमीटर वर, साधारण आडवा. टेकूभोवती मोमेंट घ्या, म्हणजे जोर गुणिले टेकूपासूनचं अंतर दोन्हीकडे सारखं धरा: 70 गुणिले 30 भागिले 90, म्हणजे दोरावर 23 किलोचा ताण, अन् तेवढ्याच जोराने पाय खोडात दाबले जातात. खाली 70 अन् आत 23, या दोघांची बेरीज उभ्या रेषेपासून 18 अंश आत वळलेली. आता घाबरून झाडाला मिठी मारा. गुरुत्वमध्य 10 सेंटीमीटरवर आला, आतला दाब 8 किलोच्याही खाली अन् कोन जेमतेम सव्वासहा अंश. शिवाय गुडघा खोडाकडे गेल्यामुळे दांडी अन् काटा दोन्ही खोडाला समांतर व्हायला लागतात, काटा तिरप्या मारलेल्या खिळ्यासारखा साल सोलत खाली येतो अन् त्याच्यासोबत तुम्ही. नवीन माणूस घसरतो तो बहुतेक या मिठीमुळेच. गुडघे खोडापासून लांब, बूड मागे, दोरावर भरवसा. सांगायला सोपं आहे, पण दहा फुटांवर मेंदू नेमकं उलट सांगतो, म्हणून सवय जमिनीपासून फूट-दोन फुटांवरच करायची, अन् तीही तोडायच्याच झाडावर. पावलं छोटी, वीतभराची, आणि खाली उतरल्यावर पाय फाकवून चालायचं, नाहीतर स्वतःचाच दुसरा घोटा फुटतो.

लांबीचं आता कळेल. बाजारात साधारण दोन प्रकार, दीड इंचाच्या आसपासचा खांबावर चढायचा अन् पावणेतीन इंचापर्यंतचा झाडावर चढायचा. बाहेरची साल मेलेली, भुसभुशीत, तिच्यात पकड नसते, काट्याला ती ओलांडून लाकडापर्यंत पोचावं लागतं. जुन्या बाभळीची जाड भेगाळलेली साल असेल तर लांब काटा हवाच. निलगिरी, सुबाभूळ, गुलमोहर यांना आखूड पुरतो, तिथं लांब लावला तर पाऊल खोडापासून दूर राहतं अन् डुगडुगतं. वाळलेल्या झाडाची साल सुटलेली असते, ती आधी काढून बघायची.

अन् नडगी दुखते ते का? आधार आहे काट्यावर, वजन आहे पावलाच्या मध्यावर, दोघांत समजा 8 सेंटीमीटर अंतर. हे जोडबल, म्हणजे उलट दिशांच्या दोन जोरांची पिळणारी जोडी, दांडीचं वरचं टोक पायात दाबतं: 70 गुणिले 8 भागिले 40 सेंटीमीटरची दांडी, म्हणजे 14 किलो, तेही नडगीच्या आतल्या बाजूला जिथं हाडावर मांसच नसतं. म्हणून पैसे टायटॅनियमवर घालण्याआधी रुंद, कडक पॅडवर घाला. टायटॅनियमने वजन हलकं होतं, हे 14 किलो तसेच राहतात. दांडी गुडघ्याच्या हाडाखाली दोन बोटं थांबली पाहिजे, अन् बूट टाचेचा, कडक तळव्याचा. स्पोर्ट्स शूजमध्ये रिकीब तळव्यात रुतते.

जिवंत झाड नुसतं छाटायचं असेल तर स्पाइक्स घरीच ठेवा, दोर अन् शिडी वापरा. सालीखाली कॅम्बियमचा, म्हणजे नवीन लाकूड अन् साल बनवणारा, थर काही पेशींएवढाच जाड असतो अन् प्रत्येक पावलाला तो फुटतो. अॅलेक्स शिगो या अमेरिकन शास्त्रज्ञाने चेनसॉने खोडं उभी चिरून बघितली अन् 1977 मध्ये मांडलं की झाडाची जखम आपल्यासारखी भरत नाही, झाड तो भाग आतून भिंती घालून वेगळा करतं अन् वरून नवीन लाकूड चढवतं. आतलं भोक कायम, अन् त्याच उंचीवर, कारण खोड लांब होतं ते फक्त शेंड्याकडे. डांबर, शेण काहीही फासा, कुजणं त्याने थांबत नाही. आणि पिंपळावर मुंजा बसतो म्हणून दिवस मावळल्यावर न चढणारे लोक फांदीतून गेलेल्या महावितरणच्या तारेकडे बघत नाहीत, पायात पोलाद बांधलेल्या माणसाला भीती कशाची पाहिजे ते तुम्हीच सांगा. तोडायचं झाड असलं तरी महाराष्ट्राच्या 1975 च्या शहरी झाडं जपण्याच्या कायद्याने महापालिकेची परवानगी लागतेच.

धार मात्र कानशीनेच लावा, हळूहळू, ग्राइंडरवर नाही. ग्राइंडरवर टोक 300 अंश सेल्सिअसच्या आसपास पोचलं की निळी झाक येते, म्हणजे पोलादाचं पाणी उतरलं, मग ते टोक वाकतं. सेकंडहँड जोड घेताना आधी टोकाचा रंग बघा, निळा असेल तर काटे बदलून मागा.