द स्लीपिंग प्रिन्सेस (१९२१)

सर्गेई द्यागिलेव यांच्या ‘बॅले रूस’ या फिरत्या मंडळीने लंडनमध्ये लेस्टर स्क्वेअरच्या अल्हाम्ब्रा थिएटरात २ नोव्हेंबर १९२१ रोजी रंगमंचावर आणलेला अभिजात बॅले. चायकोव्हस्की यांचे संगीत आणि मारिउस पेतिपा यांची नृत्यरचना असलेला मूळ बॅले, ‘द स्लीपिंग ब्यूटी’, जानेवारी १८९० मध्ये सेंट पीटर्झबर्गच्या मारिइन्स्की थिएटरात प्रथम सादर झाला होता. दुष्ट परी काराबोस हिच्या शापाने शंभर वर्षे झोपी जाणाऱ्या राजकन्या ऑरोराची ही कथा पूर्वरंग व तीन अंक अशा विस्ताराने मांडलेली असल्यामुळे तिला मोठा नर्तकवर्ग, पूर्ण वाद्यवृंद आणि अवजड नेपथ्य लागते. मारिइन्स्कीत हा सारा भार झारचा खजिना उचलत असे. गावोगावी प्रयोग करून पोट भरणाऱ्या खाजगी मंडळीने तो उचलायचे ठरवावे, हे त्या काळी धाडसच होते.

शिवाय १९०९ पासून पश्चिम युरोपात नाव मिळवलेल्या बॅले रूसची ओळख छोट्या, एकअंकी, नव्या धाटणीच्या बॅलेंची होती. पेतिपांच्या परंपरेतून बाहेर पडणे हीच तिची प्रतिष्ठा मानली जाई. मात्र १९२१ च्या आरंभी नृत्यरचनाकार लेओनिद मासिन मंडळी सोडून गेले आणि नवे काम रचणारा कोणी उरला नाही. त्याच सुमारास ‘चू चिन चाउ’ ही संगीतिका लंडनमध्ये २,००० हून अधिक सलग प्रयोग करून थांबली होती. एकच बॅले रोज रात्री लावून तसाच गल्ला जमवता येईल, असा द्यागिलेव यांचा हिशेब होता. अल्हाम्ब्राचे चालक ऑस्वल्ड स्टोल यांनी आधी १०,००० पौंड दिले आणि खर्च वाढत गेला तसे आणखी १०,००० दिले.

पेतिपांच्या रचनेला आधार होता तो निकोलाय सर्गेयेव यांच्याजवळच्या वह्यांचा. मारिइन्स्कीत व्यवस्थापक-दिग्दर्शक राहिलेल्या सर्गेयेव यांनी क्रांतीनंतर रशिया सोडताना स्तेपानोव्ह पद्धतीने केलेले नृत्यलेखन सोबत आणले होते. या पद्धतीत शरीराच्या हालचाली संगीताच्या स्वरचिन्हांसारख्या खुणांनी टिपल्या जातात. सर्गेयेव यांनी त्यावरून नृत्ये बसवली. पण द्यागिलेव यांनी मूळ कृती जशीच्या तशी ठेवली नाही. ब्रोनिस्लाव्हा निजिन्स्का यांनी काही नवी नृत्ये रचली. त्यांपैकी शेवटच्या अंकातील तीन इव्हानांचे रशियन लोकनृत्य विशेष लोकप्रिय झाले. चायकोव्हस्कींच्याच ‘नटक्रॅकर’ या दुसऱ्या बॅलेमधील शुगर प्लम परीचे नृत्य उचलून लायलॅक परीला, म्हणजे काराबोसचा शाप सौम्य करणाऱ्या चांगल्या परीला, देण्यात आले. मारिइन्स्कीत पूर्वी गाळलेल्या दोन संगीतखंडांचे वाद्यवृंदासाठी लेखन इगोर स्त्राविन्स्की यांनी केले. चायकोव्हस्कींचे संगीत हलके मानणाऱ्या जाणकारांना उत्तर म्हणून त्यांनी ‘द टाइम्स’मध्ये जाहीर पत्रही लिहिले.

नेपथ्य आणि वेशभूषा लेऑन बाक्स्ट यांची होती. अठराव्या शतकातील बिब्येना या इटालियन नेपथ्यकार घराण्याच्या रंगचित्रांवरून घेतलेले तिरकस दृष्टिकोनातील उंच खांब व जिने आणि जरीकामाने जडावलेले शेकडो पोशाख त्यांनी अगदी थोड्या आठवड्यांत योजले. पहिल्या रात्री ऑरोरा ओल्गा स्पेसिव्हत्सेवा आणि राजपुत्र प्योत्र व्लादिमिरोव्ह होते. लायलॅक परीच्या भूमिकेतील लिदिया लोपोकोव्हा पुढे ऑरोराही नाचल्या. १८९० मध्ये ऑरोरा साकारलेल्या कार्लोत्ता ब्रिआन्झा या वेळी काराबोस झाल्या. मूळ प्रयोगातले काराबोस, एन्रिको चेकेत्ती, यांनी ५ जानेवारी १९२२ रोजी आपल्या रंगभूमीवरील पन्नास वर्षांच्या निमित्ताने ती भूमिका पुन्हा केली. तीस वर्षांपूर्वीच्या कलावंतांनी आपल्याच बॅलेत असे परतून येणे अल्हाम्ब्राच्या प्रेक्षकांना पाहायला मिळाले, ही या निर्मितीची मोठी दौलत म्हणावी लागेल.

उद्घाटनाच्या रात्री मात्र यंत्रणेने दगा दिला. राजवाडा झोपी जाताच त्याच्याभोवती मंतरलेले रान वाढत जावे, अशी योजना होती. प्रत्यक्षात लाकडी यंत्रे मोठ्याने करकरली आणि तलम जाळीचे पडदे एकमेकांत अडकले. द्यागिलेव यांना तो प्रसंग फार लागला. समीक्षकांपैकी अनेकांना बॅले लांबलेला आणि जुनाट वाटला. नव्या कलेची चटक लागलेला प्रेक्षक निराश झाला, तर सामान्य प्रेक्षकाला रोज तोच बॅले पाहण्याची सवय नव्हती. ठरावीक रसिक मात्र पुन्हा पुन्हा येत राहिले. त्यांत लोपोकोव्हांच्या नृत्याने भारलेले अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स होते. पुढे १९२५ मध्ये दोघांचा विवाह झाला. शंभराहून अधिक प्रयोग होऊनही खर्च निघाला नाही. ४ फेब्रुवारी १९२२ रोजी खेळ बंद पडला आणि कर्जापोटी स्टोल यांनी नेपथ्य व पोशाख अडकवून ठेवले.

हाती राहिलेल्या साहित्यातून द्यागिलेव यांनी शेवटच्या अंकाभोवती ‘ऑरोराज वेडिंग’ हा एकअंकी बॅले तयार केला आणि १८ मे १९२२ रोजी पॅरिस ऑपेरात सादर केला. बाक्स्टचे पोशाख नसल्याने अलेक्सांद्र बेन्वा यांनी ‘ल पाव्हियाँ दार्मीद’ या आधीच्या बॅलेसाठी योजलेले जुने कपडे त्यात वापरले. फिरतीला सोयीचा असा हा छोटा खेळ मंडळीकडे कायम राहिला. द्यागिलेव यांच्या मृत्यूनंतर द बासिल यांच्या मंडळीने तो अमेरिका व ऑस्ट्रेलियापर्यंत नेला.

पूर्ण लांबीचा बॅले इंग्लंडमध्ये रुजला तो सर्गेयेव यांच्या वह्यांमुळेच. १९२३ मध्ये बॅले रूसमध्ये दाखल झालेल्या निनेट द व्हालॉय यांनी पुढे स्वतःची मंडळी उभी केली आणि २ फेब्रुवारी १९३९ रोजी सर्गेयेव यांच्याकडूनच ‘द स्लीपिंग प्रिन्सेस’ बसवून घेतला. ऑरोरा होत्या मार्गो फाँटेन. युद्धानंतर २० फेब्रुवारी १९४६ रोजी याच बॅलेने कव्हेंट गार्डनचे रॉयल ऑपेरा हाउस पुन्हा उघडले, आणि ९ ऑक्टोबर १९४९ रोजी न्यूयॉर्कमधील पहिल्या प्रयोगाने या मंडळीला अमेरिकेत मान्यता मिळवून दिली.

सर्गेयेव यांच्या वह्या आता हार्वर्ड विद्यापीठाच्या नाट्यसंग्रहात आहेत. १९२१ चे काही पोशाख लंडनच्या व्हिक्टोरिया अँड ॲल्बर्ट म्युझियममध्ये व कॅनबेरातील नॅशनल गॅलरीत जपलेले आहेत. अलेक्सेई रात्मान्स्की यांनी २०१५ मध्ये अमेरिकन बॅले थिएटरसाठी या वह्यांवरून केलेल्या पुनर्रचनेत रिचर्ड हडसन यांनी नेपथ्य व पोशाख बाक्स्टच्या १९२१ च्या आराखड्यांवरून बेतले.