नोटरीची कामे आणि नोटरीविरुद्धची तक्रार (ग्रामीण विदर्भ)

दस्तावर सही कोणी, कुठे आणि कोणत्या दिवशी केली, याची अधिकृत साक्ष देण्यासाठी सरकारने नेमलेली व्यक्ती म्हणजे नोटरी. नोटरी अधिनियम, १९५२ आणि नोटरी नियम, १९५६ यांनुसार केंद्र किंवा राज्य सरकार ही नेमणूक करते. त्यासाठी वकिलीची दहा वर्षे झालेली असावी लागतात. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि इतर मागासवर्गीय उमेदवारांना सात पुरतात. प्रमाणपत्र पाच वर्षांचे आणि ठरावीक क्षेत्रापुरते असते.

शपथपत्र घेणे, दस्ताच्या निष्पादनाची (म्हणजे सही करून तो पुरा केल्याची) साक्ष देणे, मूळ कागद पाहून नक्कल खरी असल्याचे लिहून देणे, भाषांतर प्रमाणित करणे, न वटलेल्या हुंडीची नोंद करणे ही त्याची कामे. हुंडी आता तालुक्याच्या गावी कोणी आणत नाही. गर्दी असते ती शपथपत्रांची, आणि त्यातली पुष्कळशी अनावश्यक असतात. जात, उत्पन्न, रहिवास यांसारख्या दाखल्यांच्या बहुतेक अर्जांना महाराष्ट्रात २०१५ पासून साधे स्वयंघोषणापत्र चालते.

खरा घोळ जमिनीचा. ‘वावराची नोटरी केली’ असे कास्तकार सांगतो तेव्हा खरेदी झाली अशी त्याची समजूत असते. शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मालमत्तेची खरेदी दुय्यम निबंधकाकडे नोंदवल्याशिवाय मालकी बदलत नाही. नोटरीच्या कागदावर तलाठी खरेदीचा फेरफार घेत नाही. तरीही तुकडेबंदीमुळे (शेतीचे फार लहान तुकडे पाडण्यावरील कायदेशीर बंदीमुळे) रजिस्ट्री अडलेले दोन-चार गुंठ्यांचे सौदे, जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय घेतलेल्या आदिवासींच्या जमिनी आणि सावकाराने कर्जापोटी लिहून घेतलेले इसारपत्र याच वाटेने जातात. शिक्क्याने असा व्यवहार कायदेशीर होत नाही. सोडचिठ्ठीचेही तेच: स्टॅम्प पेपरवरच्या फारकतीने कायद्याने लग्न मोडत नाही, आणि लग्नाचे वा घटस्फोटाचे दस्त नोटरींनी करू नयेत असे केंद्रीय विधी मंत्रालयाने २०२४ मध्ये बजावले आहे.

नीट केलेल्या नोटरीत सही करणारा समोर हजर असतो, त्याचे ओळखपत्र तपासले जाते आणि अंगठा असेल तर मजकूर त्याला वाचून दाखवला जातो. मग नोटरी आपल्या नोंदवहीत अनुक्रमांक टाकून नोंद करतो, पक्षकाराची सही घेतो, दस्तावर तोच क्रमांक व तारीख लिहितो आणि शिक्का मारतो. शिक्का गोल, पाच सेंटिमीटर व्यासाचा. त्यावर नाव, क्षेत्र, नोंदणी क्रमांक आणि नेमणूक करणारे सरकार दिसले पाहिजे. शुल्काचे दर कार्यालयाच्या आत आणि बाहेर लावणे, घेतलेल्या पैशांची पावती देणे हेही बंधनकारक आहे. पावती मागणारे विरळाच, म्हणून देणारेही विरळाच.

गैरप्रकार बहुधा गैरहजेरीतून होतात. झेरॉक्सच्या दुकानात किंवा दलालाकडे सही-शिक्का मारून ठेवलेले कागद असतात. माणूस गावातच राहतो आणि कागद तेवढा तालुक्याला जाऊन येतो. कोऱ्या स्टॅम्पवर अंगठा घेऊन मजकूर मागाहून भरणे, मागची तारीख टाकणे, मयत व्यक्तीची सही ‘समोर झाली’ असे लिहिणे हे त्याचेच पुढचे प्रकार. हे पकडायचे तर आधी स्टॅम्प उलटून पाहावा: विक्रीची तारीख नोटरीच्या तारखेनंतरची असेल तर कागद स्वतःच बोलतो. त्यानंतर नोंदवहीतला क्रमांक ताडावा. त्या क्रमांकावर दुसऱ्याच दस्ताची नोंद असणे हा भक्कम पुरावा. वही पाहण्याचा अधिकार जिल्हा न्यायाधीशांना असतो.

तक्रार नेमणूक करणाऱ्या सरकारकडे करायची असते, म्हणून शिक्का आधी वाचावा. राज्याने नेमलेला असेल तर मंत्रालयातील विधी व न्याय विभाग, केंद्राने नेमलेला असेल तर दिल्लीतील विधी कार्य विभाग. तक्रार नियमांतील नमुना १३ मध्ये लागते. साध्या कागदावरचा अर्ज परत येऊ शकतो. नोटरीने नेमके काय केले किंवा टाळले आणि त्याला पुरावा कोणता, हे दोन्ही त्यात हवे. ‘नोटरीने फसवले’ एवढ्याने भागत नाही. ‘अमुक तारखेला माझे वडील जिल्हा रुग्णालयात भरती होते, हे त्याचे कार्ड’ असे लिहावे लागते. दस्ताची नक्कल आणि साक्षीदारांची नावे जोडून अर्ज स्पीड पोस्टाने पाठवावा व पोच जपावी. नोटरीला तक्रारीची प्रत मिळाल्यापासून चौदा दिवसांत लेखी उत्तर देता येते. पुढे सक्षम अधिकारी चौकशी करतो. दोष सिद्ध झाल्यास ताकीद, काही काळ निलंबन किंवा प्रमाणपत्र रद्द करून कायमची बंदी, यांपैकी शिक्षा होते.

पोलीस ठाण्यात मात्र अनेकदा हात हलवत परतावे लागते. नोटरीने पदाच्या कामात केलेल्या गुन्ह्याची दखल न्यायालय केवळ सरकारने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याच्या लेखी तक्रारीवर घेते (कलम १३). नोटरी नसताना शिक्का वापरणाऱ्या तोतयाला हे कवच नाही. त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

नोटरीला शिक्षा झाली म्हणून दस्त आपोआप रद्द होत नाही. त्यासाठी दिवाणी न्यायालयात वेगळा दावा लागतो आणि मुदत खरा प्रकार कळल्यापासून तीन वर्षांची असते. सरकारी चौकशीच्या निकालाची वाट पाहत ती उलटू देऊ नये. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना या दाव्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडून वकील मोफत मिळतो.