गुन्हेगारी वर्तनाची मनोगतिकीय उपपत्ती

गुन्ह्याची मुळे अबोध मनात, त्यातही बालपणी आईवडिलांशी जडलेल्या नात्यात शोधणाऱ्या विचारपरंपरेला मनोगतिकीय उपपत्ती म्हणतात. तिचा उगम झिग्मंड फ्रॉइडच्या मनोविश्लेषणात आहे. फ्रॉइडने स्वतः गुन्हेगारीवर सलग असे फारसे लिहिले नाही. ते काम मागून आलेल्यांनी केले.

फाशी जाण्याआधी आईच्या कानाला कडकडून चावणारा चोर मराठी घरांत सर्वांना ठाऊक असतो. पहिल्या चोरीला आईने कान धरला असता तर ही वेळ आली नसती, ही त्याची तक्रार. फ्रॉइडच्या मांडणीत आईबापांचा हा धाक पाच-सहा वर्षांच्या वयापर्यंत मुलाच्या आत उतरतो. तोच पराहम्. इदम्, म्हणजे मनातल्या आदिम इच्छा, हवे ते आत्ता मागते, पराहम् अडवतो, आणि दोघांना सांभाळत अहम् जगाशी जुळवून घेतो. मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड ब्लॅकबर्न यांनी 1993 मध्ये पराहम्‌च्या बिघाडाचे तीन प्रकार सांगितले. दुबळा पराहम् कान चावणाऱ्या चोराचा. विकृत पराहम् शाबूत असतो, पण त्यातली मूल्येच गुन्हेगार बापाची. अशा मुलाला पाकीट मारण्याची लाज वाटत नाही, साथीदाराचे नाव पोलिसांना सांगण्याची वाटते.

तिसरा प्रकार अतिकठोर पराहम्‌चा, आणि साऱ्या उपपत्तीत विचारप्रवर्तक आहे तो हाच. 1916 च्या एका निबंधात फ्रॉइडने नेहमीचा क्रम उलटा केला: काही माणसांत अपराधभावना आधी असते, गुन्हा नंतर घडतो. मन कशाने तरी कुरतडत असते, कशाने ते कळत नाही. निषिद्ध कृत्य केले की त्या भावनेला निदान एक कारण मिळते आणि हायसे वाटते. शिक्षा जितकी कडक तितका वचक मोठा, हे गणित अशा माणसापाशी चालत नाही. त्याला शिक्षाच हवी असते.

व्हिएन्नाचे आउगुस्ट आयख्‌हॉर्न यांनी वाट चुकलेल्या मुलांच्या वसतिगृहात धाकाऐवजी जिव्हाळ्याने काम केले. त्यांच्या 1925 च्या पुस्तकाला प्रस्तावना फ्रॉइडची होती. पुढे लंडनमध्ये मनोविश्लेषक जॉन बोल्बी यांनी 1944 साली 44 बालचोरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतली 14 मुले त्यांना भावशून्य वाटली, आणि या 14 पैकी 12 जण लहानपणी आईपासून दीर्घकाळ दुरावलेले होते. आकडे लक्षात राहणारे आहेत, पण मुलाखती घेणारे आणि निदान करणारे बोल्बीच. आई दुरावणे आणि माया मुळातच न मिळणे या दोन गोष्टींची त्यांनी गल्लत केली, हे मनोविकारतज्ज्ञ मायकेल रटर यांनी 1972 मध्ये दाखवले.

फ्रॉइडच्या मते स्त्रीचा पराहम् पुरुषापेक्षा कच्चा. तसे असते तर तुरुंग बायकांनी भरायला हवे होते. शिवाय गुन्हा घडून गेल्यावर प्रत्येक बालपणात काही ना काही सापडतेच. आधी मात्र सांगता येत नाही.

‘याला ठाण्याला पाठवा’ ही मराठीतली जुनी थट्टा ठाण्याच्या मनोरुग्णालयावरून आली. ते 1901 पासूनचे. त्याच शहरात जुन्या किल्ल्यात मध्यवर्ती कारागृह आहे. आरोपीला यांतल्या कोणत्या दाराने न्यायचे, याचा विचार कायदा अबोध हेतू पाहून करत नाही. भारतीय न्याय संहितेचे कलम 22 एवढेच विचारते की, मनोविकारामुळे आरोपीला कृत्य करताना त्याचे स्वरूप किंवा त्यातला गैरपणा कळत नव्हता का. अतिकठोर पराहम्‌च्या माणसाला हा गैरपणा सगळ्यांपेक्षा जास्त कळत असतो! सोळा ते अठरा वयाच्या मुलांबाबत थोडी फट आहे. 2015 च्या बाल न्याय कायद्यानुसार निर्घृण गुन्ह्यात मंडळ मुलाच्या मानसिक क्षमतेबरोबर गुन्ह्यामागची परिस्थितीही पाहते आणि मानसशास्त्रज्ञांची मदत घेऊ शकते. बालपण कागदावर येते ते इथे.

ठाण्यात मानसशास्त्र घरोघरी पोचवले ते मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या 1990 पासूनच्या आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) या संस्थेने, आणि तिचा भर विवेकनिष्ठ उपचारपद्धतीवर. या पद्धतीचे जनक अल्बर्ट एलिस मूळचे मनोविश्लेषकच. पण आईने कान धरला होता का यापेक्षा, आज मनाशी कोणता हट्ट धरून बसला आहेस, हे ते आधी विचारत.